पुढचा डावा टायर

(कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, पेन्सिलीने)

२४ फेब्रुवारी

अहो,

हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून तुम्ही तीनदा फोनजवळ जाऊन परत आलात. मी पाहिलंय. तिला कळवायचं नाही. डॉक्टरांनी माझा आवाज काढून घेतला, माझं मत काढून घेतलेलं नाही.

मागे तुमचा पाय मोडला तेव्हा पोरगी परीक्षा टाकून धावत आली आणि तिची दोन वर्षं पाण्यात गेली. आता कुठे मनासारखं काम मिळालंय. डिसेंबरात ती कायम होईल. तोवर माझा कॅन्सर आपल्या दोघांतच राहील. तिला सांगायचं, शाळेत तीस वर्षं पोरांवर ओरडून घशात गाठी झाल्यात, साध्याच, आणि डॉक्टरांनी सहा-आठ महिने मौन पाळायला सांगितलंय. मी फोनवर का येत नाही ते त्यातच आलं. तुम्हाला तर लेथच्या खडखडाटापायी फोनवरचं काही ऐकूच येत नाही. एक बहिरा आणि एक मुकी, छान जोडी जमली.

रेडिएशनला नव्वद किलोमीटर जायचं आणि नव्वद यायचं, एसटी की काय ते विचारत फिरू नका. तिची गाडी दारात उभी आहे. ती टवळी बसायला नको तितकी खाली आहे, पण पळते बरी.

वचन द्या. मान हलवून चालणार नाही, खाली सही करा.

(खाली शाईच्या पेनाने, सरळ रेघेत, नवऱ्याची सही.)


८ मार्च

बाबा, आई, नमस्कार.

चाळीस मुलींच्या होस्टेलला मिळून एकच फोन आहे आणि रविवारी माझा नंबर येतो तेव्हा पलीकडून बाबा ओरडतात, "कोण? कोण पाहिजे?" मी म्हणते मी, ते म्हणतात राँग नंबर. तेव्हा आता पत्रच बरं. आई, बाबांच्या चिठ्ठीतून गाठींचं कळून वाईट वाटलं आणि खरं सांगू, थोडं हसूही आलं. तुला गप्प बसवणारा डॉक्टर मला एकदा बघायचाय.

इथलं काम मजेचं आहे. मी दिवसभर टायर झिजवते आणि किती झिजले ते मोजते. ड्रायव्हर ट्रॅकवर गोल गोल फिरतात, मी खाचांची खोली घेत बसते. साहेब म्हणाले, ट्रॅकवरचे आकडे ढीगभर आहेत, एखाद्या खऱ्या घरातल्या खऱ्या गाडीचे मिळाले तर हवेत. मला लगेच तुम्ही आठवलात.

निघायच्या आधी टवळीला मी आमच्याच कंपनीचे नवे टायर घातले होते ना, ते मऊ रबराचे आहेत. रस्ता घट्ट धरतात म्हणून गाडी वळणावर डगमगत नाही, आणि धरतात म्हणूनच लवकर झिजतात. साधे टायर पन्नास हजार किलोमीटर जातात, हे पंचवीस, फार तर तीस. नव्याची खाच ७.६० मिलिमीटर. १.६० ला आली की टायर संपला. तुम्ही जाणार बाजारात आणि बँकेत, म्हणजे तुमच्या हातून ते संपायला आठ वर्षं लागतील. त्याआधी रबरच म्हातारं होईल, कारण उभ्या गाडीचे टायरही कडक होतात, चिरतात.

दर महिन्याच्या शेवटी पुढच्या डाव्या टायरची खोली घ्याल? आत, मध्ये आणि बाहेरच्या कडेला. सोबत मीटरचा आकडा.

तुमची,
भिंगरी


१ एप्रिल

भिंगरे,

आशीर्वाद तुला कायमच आहेत, दर पत्रात वेगळे लिहीत नाही.

माझं जुनं डेप्थ गेज पेटीतून काढलं, तेल दिलं, शून्य तपासलं. पुढचा डावा: आत ७.१०, मध्ये ७.०५, बाहेर ६.८५. प्रत्येक ठिकाणी तीनदा घेतलंय.

मीटर बंद पडलंय. दाखवीन कुणाला तरी.

मी रिकामा बसून कंटाळलो होतो म्हणून पंधरा किलोमीटरवरच्या तंत्रशाळेत आठवड्यातून तीन दिवस पोरांना लेथ शिकवायला जातो. त्यामुळे गाडी जरा जास्त फिरते. आई बरी आहे. तिचं मौन चालू आहे आणि माझ्यावरचं रागावणंही चालू आहे, फक्त आता ते लेखी असतं.

बाबा

(पेन्सिलीने) भिंगरे, वेळेवर जेवतेस का? आकडे नीट बघ. – आई


१२ एप्रिल

बाबा,

तुम्ही आणि मास्तर! पोरांची दया येते.

आकडे पाहिले. महिनाभरात अर्धा मिलिमीटर झीज होऊच शकत नाही, शाळा धरली तरी तुमचे पाचशे किलोमीटर होतात. रागावू नका, पण हात थरथरत असेल का हो? खाचेतला बारका दगड आधी काढायचा असतो. नाहीतर हवा कमी असेल. हवा बत्तीस ठेवा, सकाळी थंड टायरवर मोजून.

आई, जेवते वेळेवर. कॅन्टीनची भाजी आणि आमचं रबर एकाच कढईत शिजतं असा माझा संशय आहे.

भिंगरी


३ मे

भिंगरे,

छत्तीस वर्षं टर्नर होतो. केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शावर लोकांनी माझी सही घेतली आहे. माझा हात थरथरत नाही. तुझा जन्म झाला त्या दिवशी तेवढा थरथरला होता, पण तेव्हा हातात गेज नव्हतं.

आत ६.२५, मध्ये ६.२०, बाहेर ५.९०. दगड काढून, पुसून, हवा बत्तीस ठेवून.

आईची भूक थोडी कमी झाली आहे, उन्हाळ्यामुळे असेल. बाकी ठीक.

बाबा

(पेन्सिलीने) बाबांचे आकडे खरे आहेत. त्यांना खोटे आकडे लिहिता येत नाहीत, तुला माहीत आहे. – आई


१५ मे

बाबा, माफ करा. हाताबद्दलचे शब्द मागे घेते.

मग आता सापडलं. बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त गेली आहे ना, म्हणजे चाकं सरळ नाहीत. अलाइनमेंट करून घ्या, आजच्या आज. टायरवाल्याला पुढची चाकं मशीनवर लावायला सांगा आणि तो "चालतंय की" म्हणाला तर ऐकू नका. (ऐकू येणार नाहीच, तो एक फायदा आहे.) की तुम्ही वळणं जोरात घेताय? या वयात शर्यती? आई, जरा बघ गं यांच्याकडे.

इथे साहेब तुमच्या आकड्यांत रस घ्यायला लागलेत. मिक्सिंग खात्यात एक काका आहेत, रबरात काजळी, गंधक, तेल किती घालायचं ते वजनावर बघतात. त्यांनी या टायरचं मिश्रण केलंय. त्यांना मी म्हटलं, माझ्या बाबांच्या गाडीला तुमचंच रबर आहे. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला डब्यातला लाडू दिला.

भिंगरी


२ जून

भिंगरे,

अलाइनमेंट केली. टायरवाला म्हणाला, चाकं बाणासारखी सरळ आहेत, कशाला आणली? मी म्हटलं, मुलगी इंजिनियर आहे. तो म्हणाला, मग बरोबर.

आत ५.५०, मध्ये ५.४५, बाहेर ५.०५.

शर्यती लावत नाही. फार हळू चालवतो. गाडीत धक्का बसू नये एवढं बघतो.

बाबा

(या वेळी पेन्सिलीची ओळ नाही.)


४ ऑगस्ट

भिंगरे,

तुझी जूनमधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर राहिलं. घरात थोडी धावपळ होती, पाहुणे वगैरे.

आत ४.१५, मध्ये ४.१०, बाहेर ३.६०.

आई ठीक आहे. जरा बारीक झाली आहे. तुझी आठवण काढते.

तू विचारलेला टायरवरचा चार आकडी नंबर मागे लिहिला आहे.

बाबा


१६ ऑगस्ट

बाबा!

पाच महिन्यांत अडीच हजार किलोमीटर, आणि साडेतीन मिलिमीटर गेले. याचा अर्थ हा टायर जेमतेम सव्वाचार हजार किलोमीटर टिकणार. आम्ही पंचवीस हजार सांगून विकतो! हवा बरोबर, चाकं सरळ, चालवणारा सावकाश, मोजणारा चोख. उरलं काय? रबर.

तुम्ही पाठवलेल्या नंबरवरून तो माल कोणत्या आठवड्यातला ते काढलं आणि साहेबांना लेखी अहवाल दिला. खाली माझी सही. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले डिसेंबरची वाट बघायची गरज नाही पडणार कदाचित. त्या आठवड्यातलं मिश्रण काकांच्या हातचं होतं. त्यांच्याकडून खुलासा मागवलाय आणि चौकशी होईपर्यंत खात्याबाहेर बसवलंय. मला वाईट वाटतं. काल कॅन्टीनमध्ये ते एकटेच बसले होते. मला बघून म्हणाले, "बेटा, एकवीस वर्षांत माझा काटा चुकला नाही गं." पण आकडे आकडे असतात.

तुम्हाला अभिमान वाटेल म्हणून लिहिलं. पाहुणे गेले का? आईला म्हणावं, मौन संपलं की पहिला फोन मला.

भिंगरी


२७ ऑगस्ट

भिंगरे,

उभी राहून वाचत असशील तर बस.

मीटर बंद नाही. कधीच बंद नव्हतं. तू गेल्यापासून आजपर्यंत गाडी एकोणीस हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. त्यातले अठरा हजार नऊशे एकाच रस्त्यावरचे. नव्वद जायचे, नव्वद यायचे, अशा एकशे पाच फेऱ्या. तंत्रशाळेत मी कधी पाऊल ठेवलं नाही. घरी पाहुणे आले नाहीत.

तुझ्या आईला घशाचा कॅन्सर आहे. तू गेल्यावर महिन्याभरात ऑपरेशन झालं आणि तिचं स्वरयंत्र काढलं. मौन म्हणून लिहिलं ते हे. मग रेडिएशन, मग दुसरी औषधं, मग पोटात नळी घातली ती बघायला. रस्ता तुला माहीत आहे, मधला घाट, बावीस वळणं. बाहेरची कड तिथे गेली.

जूनच्या शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि मोठ्याने बोलायला नको म्हणून कागदावर लिहून दिलं. पसरलंय. आईने तो कागद माझ्या खिशातून काढून वाचला.

तुला सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून लिहून घेतलं होतं. मी पाळलं. रोज वाटायचं, आज लिहावं, आणि आकडे लिहून पाकीट बंद करायचो. पण तुझं परवाचं पत्र आलं आणि मला दोन दिवस अन्न गेलं नाही. त्या मिक्सिंगवाल्याला मी बघितलेलं नाही. पण एकवीस वर्षं काटा न चुकलेल्या माणसाला माझ्या खोटेपणामुळे खात्याबाहेर बसवलंय, हे मला सहन होणार नाही. माझ्यावर कुणी असा आळ घेतला असता तर मी मेलो असतो. पत्र आईपुढे ठेवलं. तिने सगळं वाचलं आणि खाली दोन शब्द लिहिले: आता सांगा.

त्याचं रबर चांगलं आहे. तूच हिशोब कर. एवढ्या घाटातून, एवढ्या खड्ड्यांतून ते सत्तावीस हजारांपर्यंत सहज जाईल. हा कागद साहेबांना दाखव. मी खाली पूर्ण सही केली आहे, पुरावा म्हणून मीटरचा आकडा मागे लिहिला आहे. त्या माणसाची माझ्या वतीने माफी माग.

आणि मग ये. रविवारची वाट बघू नकोस.

बाबा


५ ऑक्टोबर

बाबा,

पोचले. होस्टेलच्या खोलीत माझी चादर निघताना जशी टाकली होती तशीच पडली होती.

काका खात्यात परत आलेत. त्या दिवशी तुमचं पत्र घेऊन मी आधी साहेबांकडे गेले होते, मग बसस्टँडवर, काकांना भेटलेच नव्हते. काल मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तेच म्हणाले, "माझं रबर चांगलं निघालं हे मला साहेबांनी सांगितलं. पण पोरी, कारण ऐकलं आणि त्यात काही राम राहिला नाही बघ." मग मला खुर्ची दिली. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

बाबा, मला आईचे बारा दिवस मिळाले. सात महिने मिळायला हवे होते. तुम्हाला दोष देत नाही. मी तिथे असताना हे बोलू शकले नाही, म्हणून लिहिते. माझ्याकडे सगळे आकडे होते. बाहेरची कड घाटातल्या वळणांनी जाते हे मी इथे नव्या मुलांना शिकवते. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं, बाबा, एवढं जाता कुठे? मी टायर सोडून कशाकडे बघितलंच नाही. तुम्ही "हळू चालवतो, धक्का बसू नये एवढं बघतो" असं लिहिलंत, तेव्हाही मला वाटलं गाडीला जपताय.

आणखी एक सांगायचंय. निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी पुसायला काढली होती. समोरच्या कप्प्यात फडकं शोधताना आईच्या चिठ्ठ्या सापडल्या. रबर लावून ठेवलेला जाड गठ्ठा. तुम्हाला गाडी चालवताना वाचता येत नाही म्हणून ती रेल्वेच्या फाटकात गाडी थांबली की द्यायची ना? काहींवर तुमच्या बोटांचं तेल आहे.

मी तिथे गाडीतच बसून सगळ्या वाचल्या, आईच्या जागेवर. तुम्ही अंगणात येऊन गेलात, मी मान वर केली नाही.

"हळू. मला हॉस्पिटलात पोचायचंय, दाखल व्हायची घाई नाही."

"हॉर्न वाजवा. तुम्हाला नसला तरी लोकांना ऐकू येतो."

"ही टवळी वळणावर किती छान बसते रस्त्यावर. पोरीने टायर चांगले घातलेत."

आणि मग त्या, बाबा. तारखा नाहीत, पण माझ्या पत्रांवरून कळतात.

"तिला शब्दांत काय वाटेल ते सांगा, पण आकडे खरे द्या. तिला आकडे वाचता येतात."

"पत्र आलं? ओळखलं का तिने?"

"हवा भरायला सांगितलीय? भरा मग. बत्तीस."

"अलाइनमेंट! अहो, करून या, नाहीतर शंका येईल. की येऊ द्यायची?"

शेवटची अक्षरं मोठी आणि वाकडी आहेत. "ओळखत नाहीये हे बरंच आहे. तिचं काम होईल. पण ओळखावं असंही वाटतं. माझं मलाच कळत नाही, तुम्ही हसू नका."

तिने शब्दांनी बंदी घातली आणि आकड्यांतून हाक मारली, पाच महिने. मी तिला हवेचा दाब कळवत राहिले. हे मला जन्मभर पुरणार आहे, बाबा.

ती त्या बारा दिवसांत माझा हात धरून झोपायची, एकदाही विचारलं नाही की तुला कळलं कसं नाही. पाटीवर एकदा फक्त लिहिलं, "बारीक झालीस." मीच ते पुसलं. का पुसलं देव जाणे.

आता जेवते वेळेवर. तुम्ही जेवता का?

भिंगरी


३० नोव्हेंबर

भिंगरे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पावणेदोन महिने लागले. बसायचो, पण सुरुवात व्हायची नाही.

त्या चिठ्ठ्या मी तुझ्यासाठी ठेवल्या नव्हत्या. मला टाकवल्या नाहीत एवढंच. तू वाचाव्यास असं मला वाटलं नसतं, पण वाचल्यास तर आता माझंही ऐक. तुझं पत्र आलं की आधी ती वाचायची, दोनदा. मग मला द्यायची. हवा बत्तीस ठेवा हे वाचून ती एवढी हसली की गळ्याच्या भोकाला फडकं धरावं लागलं. आवाज नव्हता, खांदे हलत होते. आकडे आकडे असतात, या तुझ्या वाक्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आणि मला दाखवलं, ही अगदी तुमची पोरगी. तिला तुझा राग आला असता तर तिने तसं लिहिलं असतं. राग आला की ती लिहायची, कपाटात माझ्यावरचे दोन गठ्ठे आहेत.

चूक कुणाची, हे मीही रोज काढत बसतो. वचन द्यायला नको होतं. दिलं ते मोडायला हवं होतं. मी तुला खरे आकडे दिले आणि त्यांचा अर्थ झाकून ठेवला. माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला मशीनवरून उठवला असता.

आता आकडे. ऑक्टोबर अखेर: आत ३.४०, मध्ये ३.३५, बाहेर २.८०. नोव्हेंबर अखेर: आत ३.४०, मध्ये ३.३५, बाहेर २.८०. मीटर तू गाडी उभी केलीस तेव्हाच्याच आकड्यावर आहे.

सकाळी गाडी पुसतो. डावं दार उघडतो, थोडा वेळ उघडं ठेवतो, लावतो. आणायचं काही नसतं, आणलेलं पुरतं. फाटकातून रेल्वे जाते तेव्हा घरातल्या फरशीला हादरा कळतो, त्यावरून वेळ कळते.

तू म्हणाली होतीस ती आठ वर्षं आता भरतील. हे टायर माझ्या हातून काही संपायचे नाहीत.

बाबा


७ डिसेंबर

बाबा,

आकडे मिळाले. दोन महिने ३.३५. या वेळी मला वाचता आले.

साहेबांना रजेचा अर्ज दिला. पंधरा दिवसांची मिळाली आहे. कायम झाल्याचं पत्र परवा हातात पडलं, आई म्हणत होती तसं डिसेंबरातच. ते सोबत आणते, तिच्या फोटोजवळ ठेवू. काकांनी तुमच्यासाठी डबा भरून लाडू दिलेत.

शनिवारी सकाळी नऊच्या गाडीने मोठ्या बसस्टँडवर उतरते, आपल्या स्टॉपवर नाही. घरापासून बावीस किलोमीटर. न्यायला या. रिक्षा सांगू नका, शेजाऱ्यांना पाठवू नका, तुम्ही स्वतः गाडी घेऊन या. येताना मी डाव्या बाजूला बसेन. तुम्हाला ऐकू जात नाही, तेव्हा काही सांगायचं असलं तर कागदावर लिहीन आणि फाटकात देईन.

शुक्रवारी संध्याकाळीच हवा बघून ठेवा, बत्तीस.

हळू या.

भिंगरी